ब्लॉकचेन घ्यायची की नाही, हे नंतर; आधी वही आणि लगाम वेगळे करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २८० घरांची वसाहत, ९० छतांवर सौर पॅनेल, ३५ घरांत बॅटऱ्या, गाड्यांचे २२ चार्जर आणि हे सगळं दोन ट्रान्सफॉर्मरवर. एका कंपनीने प्रस्ताव दिलाय की ही सगळी उपकरणं ब्लॉकचेनवर आणू, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या, मागून न बदलता येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर. मधे मालक नाही, सर्व्हर नाही, शेजारी शेजाऱ्याला वीज विकेल आणि व्होल्टेज, लोड वगैरे आपोआप सांभाळलं जाईल. तुम्ही विचारताय, हे घ्यावं का, आणि घ्यायचं तर साखळी सार्वजनिक असावी की खाजगी.

माझी पहिली अकरा वर्षं सबस्टेशनमध्ये रिले, म्हणजे बिघाड दिसताच लाइन तोडणारी यंत्रं, तपासण्यात गेली, त्यानंतरची आठ अशाच लहान-लहान सौर आणि बॅटरी संचांना एकत्र चालवण्यात. त्यामुळे माझा कल आधी तारांकडे असतो, सॉफ्टवेअरकडे नंतर. हे धरूनच पुढचं वाचा.

तुमच्या प्रस्तावात 'विकेंद्रित' हा एकच शब्द दोन कामांना वापरलाय आणि सगळा घोळ तिथे आहे. एक काम म्हणजे कोणत्या क्षणी कोणतं उपकरण किती वीज घेईल किंवा सोडेल हे ठरवणं. हा लगाम. दुसरं काम म्हणजे कुणी किती दिलं, किती घेतलं, कुणाला किती देणं लागतं हे लिहून ठेवणं. ही वही. लगाम विकेंद्रित असणं आणि वही विकेंद्रित असणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. ब्लॉकचेन ही वही आहे. ती कितीही चांगली असली तरी तिच्याने घोडा आवरत नाही.

याचं साधं कारण वेळ आहे. ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरायला लागली तर इन्व्हर्टरने (पॅनेलची किंवा बॅटरीची वीज ग्रिडला जोडणाऱ्या यंत्राने) काही शतांश सेकंदांत ते ओळखून, फार तर एखाद-दोन सेकंदांत उत्तर द्यायचं असतं. व्होल्टेज चढला तर काही सेकंदांत. इथेरियम या सार्वजनिक साखळीवर नवा ब्लॉक, म्हणजे नोंदींचा गठ्ठा, दर १२ सेकंदांनी येतो आणि नोंद आता फिरणार नाही अशी पक्की व्हायला सुमारे १३ मिनिटं लागतात. खाजगी साखळ्या वेगवान असतात, एक-दोन सेकंदांत नोंद पक्की होते. पण तीही नेटवर्क धड चालू असताना. आणि ग्रिडवर काही बिघडतं तेव्हा नेटवर्क धड असेल याची खात्री मी तरी देणार नाही. राउटरलाही वीज लागते.

आता तुमच्या वसाहतीत नेमकं काय होतं ते आकड्यांत बघू. ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या खांबापर्यंत, जाऊन-येऊन, तारेचा रोध पाव ओहम धरा. दुपारी टोकाची चार घरं, चारही एकाच फेजवर, प्रत्येकी ४ किलोवॅट बाहेर सोडताहेत. एका घराचे साधारण १७ अँपिअर, चौघांचे ६८. त्याला पाव ओहमने गुणा, १७ व्होल्ट आले. ट्रान्सफॉर्मरपाशी २४० असेल तर टोकाला २५७. २३० वर दहा टक्के अशी मर्यादा धरली तर २५३ ला इन्व्हर्टर सुटणार, म्हणजे लाइनपासून तुटून बंद होणार. एक सुटला की व्होल्टेज चारेक व्होल्टने उतरतो आणि उरलेले तिघं निवांत चालतात. पाच मिनिटांनी पहिला परत येतो, पुन्हा चढ, पुन्हा कुणीतरी सुटतो. ज्याच्या इन्व्हर्टरची सेटिंग जरा जास्त नाजूक, तोच दर वेळी बाहेर. असा घरमालक मग मला फोन करतो, "आमचाच का बंद पडतो? शेजाऱ्याचा तर चालू आहे." पॅनेल बसवणाऱ्याने तोवर दोनदा इन्व्हर्टर बदलून दिलेला असतो!

या दुखण्यावरचा इलाज इन्व्हर्टरच्या आतच असतो. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १५४७ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीने हे इन्व्हर्टरकडून अपेक्षितच ठरवलंय. व्होल्टेज चढला की आधी रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता तारेत मागे-पुढे होणारी, पण व्होल्टेज हलवणारी वीज) ओढायची, तरी भागलं नाही तर सोडत असलेली वीज पायरीपायरीने कमी करायची. यात कुणाला विचारायचं नाही, निरोप पाठवायचा नाही. स्वतःच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज मोजायचा आणि ठरलेल्या वक्ररेषेप्रमाणे वागायचं. (एक सावधगिरी: घरगुती लाइनच्या बारीक तारांत रोध जास्त आणि रिअॅक्टन्स (तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा अडथळा) कमी, म्हणून रिअॅक्टिव्ह पॉवरचा फायदा कागदावर दिसतो त्यापेक्षा थोडाच मिळतो. बहुतेक वेळा शेवटी वॅट कापावेच लागतात.) हाच खरा विकेंद्रित लगाम. क्लाउडमधून दर सेकंदाला प्रत्येक बॅटरीला हुकूम सोडणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, मग तो क्लाउड एका कंपनीचा असो की शंभर नोड्सवर, म्हणजे साखळी चालवणाऱ्या संगणकांवर, पसरलेला.

या सेटिंग्ज किती महत्त्वाच्या, ते जगाने ठेच खाऊन शिकलंय. जर्मनीत जुन्या नियमाप्रमाणे घरोघरचे सौर इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला (नेहमीची फ्रिक्वेन्सी ५०) एकदम बंद होणार होते. सौर संच थोडे होते तोवर नियम निरुपद्रवी होता. ते गिगावॅटमध्ये गेल्यावर लक्षात आलं की फ्रिक्वेन्सी तेवढी चढली तर सगळे एका क्षणात जातील आणि ग्रिड उलट्या दिशेने कोसळेल. २०१२ मध्ये अध्यादेश काढून सुमारे तीन लाख संचांच्या सेटिंग्ज बदलाव्या लागल्या. ब्रिटनमध्ये ९ ऑगस्ट २०१९ ला आकाशातली वीज लाइनवर कोसळल्यावर हॉर्न्सी पवनक्षेत्र आणि लिटल बारफर्ड गॅस केंद्र पाठोपाठ गेले, आणि त्यांच्यासोबत शेकडो मेगावॅटची छोटी विखुरलेली निर्मितीही गेली, कारण तिच्या संरक्षण रिलेंना तो धक्का म्हणजे ग्रिड तुटल्याची खूण वाटली. फ्रिक्वेन्सी ४८.८ पर्यंत उतरली आणि १० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. दोन्हीकडे वहीचा काडीचा संबंध नव्हता. लगामाची गाठ चुकीच्या जागी होती.

लगाम आणि वही यांच्यामध्ये एक तिसरी पायरी आहे, मिनिटांची. कोणत्या घराला या पंधरा मिनिटांत जास्तीत जास्त किती सोडायला परवानगी, ही मर्यादा बदलती ठेवायची. दक्षिण ऑस्ट्रेलियात हे चालू आहे: लाइन भरलेली असेल तेव्हा दीड किलोवॅट आणि मोकळी असेल तेव्हा दहापर्यंत. पण ही मर्यादा काढायची तर कोणतं घर कोणत्या फेजवर आहे, तार किती जाड, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारा व्होल्टेज ठरवणारा खटका) कुठे, हे माहीत हवं. ती माहिती वितरण कंपनीकडे असते. निदान असायला हवी. मी पाहिलेल्या नकाशांपैकी बऱ्याच नकाशांत फेज चुकीचे होते. म्हणून 'मधे कुणीच नको' हे वाक्य प्रस्तावात दिसलं की मी तिथे पेन्सिलने खूण करते. ट्रान्सफॉर्मर एकच आहे, त्याची क्षमता एकच आहे. तिची वाटणी करणारं कुणीतरी लागतं. ते माणूस असो, नियम असो की शेजारच्या नियंत्रकांनी आपापसात बोलून काढलेलं उत्तर असो.

हे शेवटचं शक्य आहे, बरं का. प्रत्येक घराचा नियंत्रक फक्त दोन-तीन शेजाऱ्यांशी आकडे बोलतो, प्रत्येक फेरीत आपला आकडा थोडा सरकवतो आणि काही फेऱ्यांत सगळे एका उत्तरावर येतात. इंजिनिअर याला कन्सेन्सस म्हणतात. ब्लॉकचेनवालेही त्यांच्या पद्धतीला कन्सेन्सस म्हणतात. नाव एक, गोष्टी दोन. पहिल्यात एखादा नोड खोटं बोलेल हे सहसा गृहीत नसतं, दुसऱ्यात तेच मुख्य गृहीतक असतं. विक्रेत्याने तुम्हाला पहिल्याचे गुण दाखवून दुसरी वस्तू विकू नये, एवढं बघा.

लगाम निव्वळ दरावर सोडला तर काय होतं, त्याचा एक नमुना सांगते. एका प्रायोगिक प्रकल्पात आमच्याकडे ६० बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी ५ किलोवॅटची. रात्री बाराला स्वस्त दर सुरू होई, आणि करार (म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) अगदी शहाणपणाने लिहिलेला: दर उतरला की भर. पहिल्या रात्री बाराच्या ठोक्याला साठही बॅटऱ्या एकाच सेकंदाला चालू झाल्या. ३०० किलोवॅट, ट्रान्सफॉर्मर २५० केव्हीएचा, म्हणजे फार तर २५० किलोवॅटचा, वर घरांचा नेहमीचा लोड. वीसेक मिनिटांत एका फेजचा फ्यूज गेला. प्रत्येक करार बरोबर होता, प्रत्येकाचं घड्याळ बरोबर होतं, आणि तोच दोष होता! दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक बॅटरीला काही मिनिटांचा वेगवेगळा, चिठ्ठी टाकल्यासारखा उशीर दिला आणि चार्जिंग हळूहळू चढवलं. १५४७ मध्येही वीज परत आल्यावर इन्व्हर्टरने आधी ३०० सेकंद थांबावं आणि मग ३०० सेकंदांत चढत जावं असं मूळ सेटिंग आहे, ते याच जातीच्या कारणासाठी. ट्रान्सफॉर्मरपाशी एक साधा मीटर बसवून त्याला शेवटचा शब्द देणं, हे त्या प्रकल्पातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम ठरलं.

इतकं झाल्यावर वाटेल की बाई ब्लॉकचेनच्या विरोधात आहेत. तसं नाही. वर टोकाच्या घराचं उदाहरण दिलं ना, त्यातच वहीची गरज लपलेली आहे. स्थानिक लगाम सुरक्षित असतो, पण न्यायी नसतो. व्होल्टेज टोकाला जास्त चढतो, म्हणून वॅट नेहमी टोकाच्या घराचेच कापले जातात. ट्रान्सफॉर्मरजवळचा मनुष्य तेवढेच पॅनेल लावून दुपारभर पूर्ण वीज सोडतो आणि टोकाचा बसतो बघत. त्याने सगळ्यांसाठी आपल्या विजेवर पाणी सोडलं, याची कुठेतरी नोंद हवी आणि त्याचा मोबदला त्याला मिळायला हवा. ही नोंद कुणी ठेवायची, यावर भांडण होतं. वितरण कंपनीने ठेवली तर घरवाल्यांचा विश्वास नाही, विक्रेत्याने ठेवली तर दोघांचाही नाही. जिथे दोन-तीन पक्ष आहेत, एकमेकांवर विश्वास नाही आणि सगळ्यांना मान्य असा तिसरा कारकूनही मिळत नाही, तिथे सामायिक, मागून न बदलता येणारी वही कामाची. यांतली एक जरी अट गळली, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या समितीवर सगळ्यांचा भरवसा असेल, तर साधा डेटाबेस आणि दर महिन्याला हिशेबाची तपासणी पुरते. स्वस्तही पडते.

शेजाऱ्याला वीज विकण्याबद्दल. ब्रुकलिनमध्ये २०१६ च्या एप्रिलमध्ये इथेरियम वापरून एका छतावरची वीज समोरच्या शेजाऱ्याला विकली गेली, तेव्हापासून हे चित्र लोकांच्या डोक्यात बसलंय. पण तारेतली वीज करार वाचत नाही. तुमची वीज जवळच्या लोडकडेच जाते, तुम्ही कुणालाही विका. बदलतो तो फक्त हिशेब. आणि तो हिशेब तुमच्या भागातल्या नियमांना मान्य आहे का, तारांचं भाडं कोण देणार, यावर सगळं अवलंबून. काही ठिकाणी अशा विक्रीला परवानगीच नाही. काही ठिकाणी दुसरा रस्ता मोकळा आहे: अमेरिकेत सप्टेंबर २०२० च्या, 'फर्क' (FERC) या तिथल्या केंद्रीय वीज नियामकाच्या आदेश २२२२ ने लहान उपकरणांचा किमान १०० किलोवॅटचा गट करून घाऊक बाजारात उतरायची सोय केली. तुमच्या ३५ बॅटऱ्यांना शेजाऱ्यापेक्षा असा गट जास्त पैसे देऊ शकतो. आधी तिथे चौकशी करा.

वहीचं दुसरं दुखणं म्हणजे तिच्यात येणारा आकडा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मीटर चुकीचा असेल, कुणी सीटी (मीटरसाठी तारेतला प्रवाह मोजणारं कडं) उलटी बसवली असेल, तर साखळी त्या खोट्या आकड्याला प्राणपणाने जपेल. आमच्याकडे एकदा वीज जाऊन आल्यावर चार गेटवेंच्या (मीटर वाचून नेटवर पाठवणाऱ्या डब्यांच्या) घड्याळांची बॅटरी संपलेली निघाली. गेटवे उठले, नेट यायच्या आधीच मीटर वाचायला लागले आणि नोंदी साखळीवर गेल्या १ जानेवारी १९७० या तारखेच्या. संगणकाचं शून्य तिथे असतं. सर्व्हरवर असतं तर दहा मिनिटांत दुरुस्त झालं असतं. इथे मग जुन्या मुनीमजींची पद्धत: खोडायचं नाही, उलट नोंद घालायची आणि नवी बरोबर नोंद करायची. पद्धत उत्तम आहे, पण ती आधी ठरवून स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेली हवी. आम्ही लिहिली नव्हती. तीन आठवडे त्या चार घरांची बिलं अडली.

म्हणून माझा सल्ला असतो की साखळीवर कमीत कमी ठेवा. पंधरा-पंधरा मिनिटांची सगळी वाचनं साध्या डेटाबेसमध्ये राहू द्या. रोज रात्री त्या दिवसाच्या सगळ्या वाचनांचा मिळून एक हॅश, म्हणजे गणिताने निघणारा छोटा ठसा, काढा आणि तेवढाच साखळीवर टाका. पुढे कुणी डेटाबेसमध्ये एक आकडा जरी बदलला तरी हॅश जुळणार नाही आणि चोरी पकडली जाईल. मर्कल पद्धतीने (नोंदींचे हॅश जोडीजोडीने एकत्र करत शेवटी एक उरेपर्यंत) हॅश काढला असेल तर एका घराला फक्त आपली नोंद दाखवून ती त्या दिवसाच्या हिशेबात होती हे सिद्ध करता येतं, बाकीच्यांची वाचनं न उघडता. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. पंधरा मिनिटांच्या वाचनावरून घरात माणसं कधी उठतात, कधी गावाला जातात, हे कुणीही सांगेल. अशी माहिती कधीच पुसता न येणाऱ्या वहीत लिहिणं मला पटत नाही, आणि जिथे माहिती पुसून घेण्याचा हक्क कायद्याने दिलाय तिथे ते कायद्यालाही पटत नाही. हॅशसोबत प्रत्येक उपकरणाची ओळख, म्हणजे हा इन्व्हर्टर कुणाचा, कोणी तपासला, सही कुणाची, एवढं साखळीवर ठेवलं तरी चालेल. माझ्या मते या तंत्रज्ञानाचा वीजक्षेत्रातला सगळ्यात टिकाऊ उपयोग ओळखपत्राचाच ठरेल. विक्री-बाजार त्यामानाने मागे पडेल.

आता सार्वजनिक की खाजगी. सार्वजनिक साखळी खूप वीज खाते हा आक्षेप इथेरियमपुरता जुना झाला. १५ सप्टेंबर २०२२ ला तिने खोदकामाची (मायनिंगची, म्हणजे वीज जाळून कोडी सोडवत नोंदी पक्क्या करायची) पद्धत सोडली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला. प्रश्न उरतो तो नोंद टाकायच्या शुल्काचा, कारण ते तुमच्या हातात नसतं आणि गर्दीच्या दिवशी चढतं. रोज एक हॅश टाकायचा असेल तर फिकीर नाही. प्रत्येक वाचन टाकायचं असेल तर परवडणार नाही. तिसरा मार्ग म्हणजे ठरावीक संस्थांनीच नोड चालवायची साखळी, वीजक्षेत्रासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या एनर्जी वेब चेनसारखी. ती बरी, पण नोड कोण चालवतंय ते नावानिशी विचारा. पाचही नोड विक्रेत्याच्याच खात्यात असतील तर ती एकाच माणसाची वही झाली, फक्त पाच प्रतींत लिहिलेली. आणि करारात चूक निघाली तर तो बदलायची किल्ली कुणाकडे, हेही विचारा. २०१६ च्या जूनमध्ये द डीएओ नावाच्या, इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीच्या करारातल्या एका चुकीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) निघून गेले होते, कराराच्या शब्दाप्रमाणेच. किल्ली कुणाकडेच नसणं आणि एकाकडेच असणं, दोन्ही वाईट. पाचांपैकी तिघांच्या सह्या लागतील अशी व्यवस्था मागा, आणि त्या तिघांत तुमचा एक तरी माणूस असू द्या.

थोडक्यात, आत्तापर्यंतचं जुळवून: सेकंदांचं काम इन्व्हर्टरच्या पोटात, मिनिटांचं काम ट्रान्सफॉर्मरपाशी किंवा वितरण कंपनीकडे, दिवसांचं काम वहीत. वही सामायिक साखळीची असावी का, हे तुमच्यातल्या अविश्वासावर ठरेल आणि ते तुम्हीच जाणता.

कंपनीचे लोक प्रात्यक्षिकाला येतील तेव्हा एकच करा. सगळं छान चालू असताना त्यांच्या गेटवेची नेटची केबल काढून ठेवा आणि अर्धा तास चहा प्या. बॅटऱ्या शेवटच्या हुकुमाला चिकटून बसतात, एकदम बंद पडतात, की ठरलेल्या सुरक्षित मर्यादेत शांतपणे चालत राहतात, ते बघा. मग केबल परत लावा आणि त्या अर्ध्या तासाची वाचनं योग्य वेळेच्या शिक्क्यांसह हिशेबात आली का, हे तपासा. लगाम आणि वही दोन्हींची परीक्षा त्यात होते, आणि मी पाहिलेल्या प्रात्यक्षिकांपैकी निम्म्यांहून जास्त इथेच अडखळली.

त्याआधी तुमच्या बाजूने एक काम आहे. दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या टोकाच्या घरांत, तिन्ही फेजवर, दुपारी अकरा ते तीनचा व्होल्टेज दर पाच मिनिटांनी एक आठवडा नोंदवा. बहुतेक इन्व्हर्टरच्या अॅपमध्ये तो आयता मिळतो. जास्तीत जास्त आकडा २४५ च्या आत असेल तर तुम्हाला लगामाची घाई नाही, फक्त वहीचा विचार करा. २५० च्या वर जात असेल तर आधी फेजची वाटणी आणि टॅप तपासून घ्या. ते आकडे इथे टाकलेत तर इन्व्हर्टरची वक्ररेषा कुठून सुरू करायची ते सांगते.